करंट जातो, पण परत येतो का?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी सावनेरचा. नागपूरहून निघालेला रस्ता आमच्या गावात येऊन फुटतो. एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा केळवदवरून पांढुर्ण्याकडे. संत्र्याचे ट्रक, कोळशाचे ट्रक आणि लग्नसराईत वरातीच्या गाड्या, सगळं आमच्या दारावरून जातं. गावात तीसेक वर्षं माझं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं, तेव्हा मीही दुकान सोडलं. पण मीटर आणि सोल्डरिंगची गन अजून घरात आहे आणि नातेवाइकांना ते ठाऊक आहे.

आज बोलायचं आहे ते गाडीतल्या गाण्याबद्दल. म्हणजे खरं तर ते गाणं मध्येच बंद का पडतं, त्याबद्दल.

माझा भाचा इकडच्याच एका कोळसा खाणीत नोकरीला आहे. त्यानं एक सेकंडहँड गाडी घेतली. गाडी घेतली की पहिल्या पगारात सीट कव्हर, दुसऱ्या पगारात वूफर, असा आमच्याकडचा क्रम आहे. नागपूरच्या एका दुकानातून त्यानं सब-वूफरचा डबा आणि अँप्लिफायर बसवून घेतला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सब-वूफर म्हणजे फक्त खालचे, ढोल-मृदंगाचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. गाडीच्या डेकमध्ये त्याला हलवण्याइतकी ताकद नसते, म्हणून वेगळा अँप्लिफायर लागतो. तो थेट बॅटरीवरून वीज घेतो.

आठ दिवसांनी भाचा दारात.

"मामाजी, तीन मिनिटं वाजते आन् बंद पडते. लाल लाइट लागते. चाबी फिरवून पुन्हा चालू केलं का पुन्हा तीन मिनिटं."

मी मीटर घेऊन अंगणात गेलो. गाडी बंद, गाणं बंद. बॅटरीवर मीटर लावला, १२.६ व्होल्ट. डिकीतल्या अँप्लिफायरच्या स्क्रूवर लावला, १२.५. मग सब-वूफर तपासला. त्यात चार-चार ओहमच्या दोन कॉइल होत्या आणि त्या समांतर जोडलेल्या होत्या. समांतर जोडल्या की दोन ओहम होतात, एकीपुढे एक जोडल्या तर आठ. मीटरनं १.८ दाखवले. कॉइलवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा मीटर नेहमी थोडा कमीच दाखवतो, त्यात वावगं काही नाही. अँप्लिफायरच्या पाठीवर दोन ओहमपर्यंत चालेल असं छापलेलं होतं. म्हणजे हेही बरोबर. मी पाच मिनिटांत निकाल दिला, "वायर ठीक, स्पीकर ठीक. अँप्लिफायर गेला."

मामा रेडिओ मेकॅनिक, त्यामुळे निकाल अंतिम. भाचा नागपूरला गेला. दुकानदारानं बरीच कुरकुर करून अठराशे रुपये वर घेतले आणि अँप्लिफायर बदलून दिला. परत येताना पाटणसावंगीच्या आसपास नवा अँप्लिफायरही लाल दिवा लावून बसला.

आता भाच्याचं डोकं फिरलं. त्यानं रस्त्यातूनच दुकानदाराला फोन लावून नको ते सगळं ऐकवलं. दुकानदार म्हणाला, "फिटिंग ज्या पोरानं केलं ना, त्याला काढूनच टाकतो." भाच्यानं ते मोठ्या समाधानानं मला येऊन सांगितलं. तो पोरगा मी पाहिलेला नव्हता, पण अठरा-एकोणीस वर्षांचा असेल असं भाच्याच्या बोलण्यावरून वाटलं. आणि मला एकदम आठवलं, की अँप्लिफायर गेला हे कोणी ठरवलं होतं? मीच. पोरानं काय चूक केली ते अजून कोणालाच माहीत नव्हतं.

श्रोतेहो, त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझी चूक माझ्या लक्षात आली आणि मी उठून बसलो. आमच्याकडचा कोणताही संत्रा बागायतदार ती चूक करणार नाही. विहिरीवरची मोटर चालू करून पुढचा वॉल्व्ह बंद ठेवला, तर पाइपात गाळ असला तरी प्रेशर पूर्ण दिसतं. वॉल्व्ह उघडा, पाणी वाहू द्या, मग शेवटच्या झाडापाशी जाऊन बघा. तिथे थेंब थेंब येत असेल तर पाइप तुंबलेला आहे. मी वॉल्व्ह बंद ठेवून प्रेशर मोजलं होतं. गाणं बंद असताना तारेतून करंट जवळपास वाहतच नव्हता. न वाहणाऱ्या करंटला कोणती तार अडवणार?

जर्मनीच्या गेओर्ग ओहमनं १८२७ साली हा हिशेब छापून ठेवला आहे. वाहणारा करंट गुणिले वाटेतला अडथळा, तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होतात. करंट शून्य तर खर्चही शून्य. शाळेत आपण सगळ्यांनीच हे पाठ केलेलं असतं. मी तर पोट भरलं त्यावर, आणि नेमक्या वेळी विसरलो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, "नागपूरला जायचं नाही. गाडी घेऊन ये." गावात सोलर बसवणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मागून आणला. गाणं लावलं तर काटा नाचत राहतो, म्हणून मोबाइलवरून पन्नास सायकलचा एकसारखा सूर डेकला दिला. तो सूर ऐकायला फार वाईट असतो. शेजारचे दोनदा बाहेर येऊन बघून गेले. इंजिन चालू ठेवलं आणि आवाज जिथे बंद पडतो त्याच्या जरा अलीकडे आणून ठेवला.

क्लॅम्प मीटर म्हणाला, २५ अँपिअर. बॅटरीवर १३.५ व्होल्ट. आणि अँप्लिफायरच्या स्क्रूवर? १०.२.

तीन व्होल्टच्या वर वाटेत गायब. अँप्लिफायरला व्होल्टेज दहाच्या आसपास उतरलं, की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तो लाल दिवा बिघाडाचा नव्हताच. बिचारा उपाशी आहे म्हणून सांगत होता आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं.

आता हे तीन व्होल्ट जाताना गेले की येताना? इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण गाडीच्या गाण्यातले निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतात असा माझा अनुभव आहे. घरात दोन तारा असतात. गाडीत एकच तार दिसते, लाल. ती बॅटरीच्या प्लसपासून अँप्लिफायरपर्यंत जाते. परतीची तार म्हणजे गाडीचा पत्रा. अँप्लिफायरची काळी तार जवळच कुठे तरी पत्र्याला कसतात, त्याला आपण अर्थ म्हणतो, आणि तिथून करंट पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परत येतो. जितका करंट जातो तितकाच परत यावा लागतो, एक थेंबही कमी चालत नाही. लाल तारेकडे सगळ्यांचं लक्ष असतं. काळीकडे कोणी बघत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं थेट अँप्लिफायरच्या प्लसवर. सूर चालू ठेवायचा. मीटरला जे व्होल्ट दिसतील ते त्या तारेनं खाल्लेले. तसंच मायनसपासून मायनसपर्यंत. मीटरची तार पुरत नाही, म्हणून मी स्पीकरच्या वायरीचा पाच मीटरचा तुकडा जोडला. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे बारीक वायर चालते.

लाल बाजूनं खाल्ले १.४ व्होल्ट. काळ्या बाजूनं १.९.

काळी तार जेमतेम हातभर होती. हातभर तार १.९ व्होल्ट खाणार नाही. मी डिकीतलं कार्पेट उचललं, तर पोरानं थिंबल मागच्या सीटच्या बोल्टखाली घातलेलं. बोल्ट गच्च आवळलेला. मी विश्वासानं बोट लावलं आणि भाजलं. हिशेब करा. १.९ गुणिले २५, म्हणजे ४७ वॅटच्या आसपास उष्णता एका बोल्टखाली. माझी सोल्डरिंगची गन २५ वॅटची आहे. बोल्ट काढला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, गुळगुळीत. बोल्टच्या आट्यांतून जेवढा धातू धातूला टेकत होता, तेवढ्यावरच सगळं चाललं होतं. शिवाय सीटचा आणि सीट बेल्टचा बोल्ट हा जीव वाचवायला असतो, अर्थ द्यायला नव्हे. तिथे काही अडकवू नये.

म्हणजे चूक पोराची. भाचा म्हणाला, "पाहा! म्हणलं नव्हतं मी?"

मी म्हटलं, थांब, लाल बाजू राहिली.

लाल तार बोटाएवढी जाड होती. पाच मीटर जाड तांब्याच्या तारेनं २५ अँपिअरला दीड व्होल्ट खायचं कारण नाही. मी तिचं टोक ब्लेडनं सोललं. आत तारेचा जुडगा पेन्सिलीतल्या शिशाएवढा, बाकी सगळं प्लॅस्टिक. एक धागा घेऊन खरवडला, तर वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरं. ॲल्युमिनियम! त्यावर तांब्याचा नुसता मुलामा. ॲल्युमिनियमचं वहन तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतं. अशी तार वापरूच नये असं नाही, पण मग ती तेवढी जाड घ्यावी लागते. नुसतं प्लॅस्टिक जाड असून भागत नाही.

"ही वायर त्या दुकानातली?" मी विचारलं.

भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, "नाही. ते कॉपरच्या किटचे जास्त सांगत होते ना. मी बाहेरून आणून दिली. अर्ध्या पैशात भेटली."

"आणि फ्यूज?"

"ते किटसोबत येते म्हणे."

म्हणजे फ्यूज नव्हताच. श्रोतेहो, माझ्या पोटात गोळा आला तो इथे. तोपर्यंत प्रश्न गाण्याचा होता. बॉनेट उघडलं आणि तार कशी आत घेतली आहे ते बघितलं. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून. भोकाच्या धारेवर रबराची कडी नव्हती. गाडी रोज खाणीच्या रस्त्यावरून हादरत जाते. पत्र्याच्या धारेनं लाल प्लॅस्टिक निम्म्याहून अधिक कापलं होतं. उजेडात धरल्यावर आतले दोन-तीन धागे चमकले.

अँप्लिफायरवर फ्यूज असतो, मग काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. तो फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो, डिकीत बसून. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर तारेला वाचवणारा कोणी नव्हता. तारेनं पत्र्याला स्पर्श केला असता, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. लहान पेट्रोल गाडीची बॅटरीसुद्धा. डिकीतल्या फ्यूजपर्यंत तो करंट पोचलाच नसता, वाटेतच वळला असता. तार लाल होते, प्लॅस्टिक पेटतं, त्यावर कार्पेट, त्यावर सीट. या गाडीत माझी बहीण मागे बसते आणि तिच्या मांडीवर नातू. म्हणून फ्यूज बॅटरीला लागून हवा, दीड फुटाच्या आत. फ्यूज मुळात तारेसाठी असतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

गाडीत गाणं आणण्याची ही हौस काही आजची नाही. अमेरिकेत पॉल गॅल्विन या माणसानं १९३० साली गाडीत बसणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याचं नाव मोटोरोला ठेवलं. आपली गाडी घेऊन तो शिकागोहून अटलांटिक सिटीच्या रेडिओ व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेला होता. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो, की कर्ज मिळावं म्हणून त्यानं बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात त्या गाडीनं पेट घेतला. कर्ज मिळालं नाही म्हणतात! मी भाच्याला हे सांगितलं, पण तो हसला नाही. तो त्या भोकाकडे बघत होता.

दुरुस्ती सांगण्यासारखी फारशी नाही. आधी बॅटरीची मायनस तार काढली, हे पहिलं काम, विसरायचं नाही. दहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणली. बॅटरीपाशी चाळीस अँपिअरचा फ्यूज, पत्र्याच्या भोकात रबराची कडी. डिकीत वेगळं भोक पाडलं, तेही खाली बघून, कारण काही गाड्यांत बरोबर त्याखाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचा पाइप असतो. पॉलिश पेपरनं रंग घासून पत्रा चांदीसारखा उघडा केला, थिंबल कसलं आणि गंज लागू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. पुन्हा तोच भिकार सूर. लाल बाजूनं आता ०.२ खाल्ले, काळ्या बाजूनं ०.१. अँप्लिफायरवर तेरा व्होल्टच्या वर. तीन मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. लाल दिवा काही लागला नाही.

मग भाच्यानं गाणं लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मामाजी, ढोल पोकळ वाजून राहिला. पहिले असा नव्हता."

ही करामत माझी होती. डबा परत जोडताना मी स्पीकरच्या दोन तारा उलट लावल्या होत्या. दाराचे स्पीकर हवा पुढे ढकलत असताना सब-वूफर मागे ओढत होता, आणि दोघं मिळून ढोल खाऊन टाकत होते. याची परीक्षा दुकानात मी हजारदा केली असेल. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, स्पीकरच्या तारा अँप्लिफायरपासून सोडवायच्या आणि सेलला क्षणभर टेकवायच्या. सेलच्या प्लसवर असलेल्या तारेनं पडदा बाहेर आला तर ती स्पीकरची प्लस, आत गेला तर मायनस. डोळ्यांनी दिसतं. तारा बदलल्या, ढोल परत आला.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. अँप्लिफायरवर गेन नावाचं एक बटण असतं, ते आवाज वाढवायचं नव्हे. डेककडून येणारा सिग्नल किती मोठा आहे, ते त्या बटणावर जुळवायचं असतं. आवाज कमी वाटला म्हणून ते पूर्ण फिरवलं, की सुराची टोकं कापली जातात आणि वूफरची कॉइल जळते. वासच येतो. दुसरं, डब्यावर छापलेल्या वॅटवर जाऊ नका. पूर्वी आपल्या बाजारात पीएमपीओ नावाचा आकडा छापायचे, हातात मावणाऱ्या टेपवर हजार वॅट. तेवढे वॅट खरे असते, तर आमच्या घरची लाइट गेली असती. आरएमएस हा आकडा कुठे लिहिला आहे का ते शोधा. लिहिला नसेल तर दुकानदाराला विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

पुढच्या रविवारी आम्ही नागपूरला त्या दुकानात गेलो. भाचा यायला तयार नव्हता, मीच ओढून नेलं. पोरगा अजून कामावर होता. मालकाला त्या आठवड्यात दुसरा मिळाला नव्हता, एवढंच कारण. मी जुना बोल्ट आणि सोललेली तार काउंटरवर ठेवली आणि काय काय झालं ते मालकाला सांगितलं. त्यात तार आणि फ्यूज आमचे, हेही सांगितलं. मालकानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पोरगा मात्र बोल्ट हातात फिरवत होता. "पण काकाजी, बोल्ट तर मी टाइट केला होता."

खरंच केला होता. रंग खरवडायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीटर आहे का विचारलं, तर खिशातून बल्बचा टेस्टर काढून दाखवला. तो बल्ब वीज आहे की नाही एवढं सांगतो, किती आहे ते सांगत नाही. मी त्याला गाडीपाशी नेलं, सूर लावला आणि मायनसपासून मायनसपर्यंत कसं मोजायचं ते दाखवलं. त्यानं दोनदा स्वतः करून बघितलं. मग म्हणाला, "तुमचा पहिलावाला अँप्लिफायर आहे ना, तो मी दुसऱ्या गाडीत बसवला. मस्त चालून राहिला."

येताना गाडीत आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. गाणंही लावलं नव्हतं. घरी आल्यावर मी अठराशे रुपये काढून भाच्यासमोर ठेवले. त्यानं काही घेतले नाहीत, म्हणाला, मामाजी, काहीही काय. बहिणीनं घेतले.